नवरदेवाची लाल गाडी

एकदा एका व्यापाऱ्याच्या मनाने घेतले की, आपला मुलगा बोहल्यावर चढायला जाईल तो लाल स्पोर्ट्स कारमधूनच.

मुहूर्त ऐन माघातला होता. व्यापाऱ्याचे गाव हिमालयाच्या उतारावर आणि वधूचे घर खाली नदीकाठी. मधला रस्ता वळणावळणांचा, आणि त्या दिवसांत अर्धाअधिक बर्फाखाली. तिथली शहाणी माणसे हिवाळ्यात चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या जीपा वापरतात. व्यापाऱ्याच्या लाल गाडीला इंजिनाची ताकद मिळे ती फक्त मागच्या दोन चाकांना. तोंड जड, शेपटी हलकी, आणि पोट जमिनीला जवळजवळ टेकलेले. कोरड्या रस्त्यावर ती बाणासारखी जाई. बर्फावर मात्र तिची मागची चाके जागच्या जागी गरगरत आणि वळणावर शेपटी पुढे यायला बघे.

नातेवाइकांनी पुष्कळ समजावले. व्यापारी सफरचंदांच्या आणि अक्रोडांच्या धंद्यात वाढलेला, एकदा बोललेला शब्द मागे न घेणारा. तो म्हणाला, "गाडी जाणार. कशी जाणार ते आबा बघतील."

हे आबा म्हणजे गावाबाहेर राहणारे एक वृद्ध गृहस्थ. मूळचे देशावरचे. तरुणपणी सैन्याचे ट्रक घेऊन या डोंगरांत आले, खिंडीतून ते ट्रक नेता-आणता त्यांचे केस पांढरे झाले, आणि निवृत्तीनंतर ते तिथेच राहिले. बर्फावर गाडी कशी चालवावी हे ते शिकवीत. दूरदूरची माणसे त्यांच्याकडे येत, काही महिने राहत, आणि शिकून परत जात.

प्रल्हाद मात्र परत गेला नव्हता. फलटणहून आलेला हा शिष्य आबांजवळ आठ-नऊ हिवाळे राहिला होता. आबांची गाड्यांची शेड तोच सांभाळी. नव्या शिष्यांचे पहिले धडे तोच घेई. आबांच्या नंतर गाव आपल्याच दाराशी येणार, असे तो मनोमन धरून चालला होता. त्यात गैरही काही नव्हते.

गेल्या वर्षी ऋतुजा आली. चांदवडची मुलगी, बडबडी, हसरी. पहिल्याच आठवड्यात तिने आबांची जीप ओढ्यात घातली. प्रल्हादने असे केले असते तर आबा दोन दिवस बोलले नसते. ऋतुजाला मात्र ते म्हणाले, "घसरल्यावर घाबरून ब्रेक दाबला नाहीस, हे बरं केलंस." त्या दिवसापासून प्रल्हादच्या मनात एक लहानसा खडा रुतून बसला. आबा तिच्या विनोदांना हसत, ते त्याला दिसे. आबा तिला शिकवताना आवाज चढवत नाहीत, तेही त्याच्या लक्षात येई. जेवताना आबांनी तिच्या ताटात भाकरी वाढली तरी त्याची नजर तिकडे जाई. आपण असे बघतो याची त्याला लाज वाटे, आणि तरीही तो बघतच राही.

व्यापारी आला तेव्हा दोघेही शिष्य शेडमध्येच होते. आबांनी लाल गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून पाहिले आणि म्हणाले, "शेठ, गाडी वाईट नाही. तिला हा ऋतू मानवत नाही, एवढंच. तयारी नीट झाली तर जाईल."

"तयारी कोण करणार?"

"प्रल्हाद. त्याच्यासारखी तयारी या डोंगरात कुणी करत नाही."

प्रल्हादची मान ताठ झाली.

"आणि चालवणार कोण?"

"ऋतुजा," आबा म्हणाले.

व्यापाऱ्याने भुवया उंचावल्या. ऋतुजाच्या हातातला पाना खाली पडला. प्रल्हाद बाहेर गेला आणि उगाचच पाण्याचा पंप चालू करून त्याच्याकडे बघत उभा राहिला.

दुसऱ्या दिवसापासून तो कामाला लागला. काम त्याने उत्तम केले, कारण वाईट काम त्याच्या हाताला ठाऊकच नव्हते. गाडीची रुंद उन्हाळी टायरे उतरवून त्याने चारही चाकांना अरुंद हिवाळी टायरे चढवली. बॅटरी तपासली आणि जुनी निघाली म्हणून बदलली. इंजिनाला थंड ठेवणाऱ्या पाण्यात, आणि काच धुण्याच्या पाण्यातही, ते गोठू नये असे द्रव्य घातले. पुढच्या बंपरचा खालचा ओठ बर्फ नांगरत जाईल, म्हणून तो सोडवून ठेवला. मागच्या चाकांसाठी साखळ्या, एक फावडे आणि दोन घोंगड्या बांधून घेतल्या.

ऋतुजा चहा घेऊन आली. गाडीजवळ बसून म्हणाली, "दादा, एक विचारू? ताकद तर मागच्या चाकांना आहे. मग पुढच्यांना हिवाळी टायरं कशाला?"

प्रश्न चांगला होता. एखाद्या नव्या शिष्याने विचारला असता तर प्रल्हादने त्याची पाठ थोपटली असती. आता त्याच्या मनात आले, एवढेही माहीत नाही, आणि नवरदेवाची गाडी हिच्या हाती!

"उन्हाळी रबर थंडीत लाकडासारखं कडक होतं," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "मागची चाकं गाडी ढकलतील. पण वळवणार कोण? थांबवणार कोण? फक्त मागची बदललीस, तर गाडी निघेल झोकात आणि पहिल्याच वळणाला सरळ दरीत जाईल."

"बाप रे," ती म्हणाली. "बरं झालं तुम्ही आहात."

हे तिने मनापासून म्हटले होते. म्हणूनच ते त्याला अधिक झोंबले.

शेवटचे काम उरले ते वजनाचे. अशा गाडीची शेपटी हलकी असते, म्हणून मागच्या चाकांच्या बरोबर वर थोडे वजन ठेवतात. चाक जमिनीला टेकून राहते. प्रल्हादने मागची चिमुकली आसने दुमडून जागा सपाट केली आणि वाळूच्या दोन गोण्या तिथे ठेवल्या. गोण्या जागच्या हलू नयेत म्हणून त्या रुंद पट्ट्यांनी आकड्यांना आवळून बांधायच्या असतात. पट्टे समोर खुंटीला लटकत होते. असल्या गोण्या त्याने आजवर कितीतरी वेळा बांधल्या होत्या.

तो पट्ट्यांकडे बघत राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी तळ्याकाठच्या गोठलेल्या मैदानावर व्यापाऱ्यासमोर गाडीची चाचणी होती. मैदान सपाट. दरी नाही, झाड नाही. कुणाच्या जिवाला काही होणार नव्हते. गोण्या थोड्या सरकतील, शेपटी थोडी फिरेल, आणि व्यापारी म्हणेल, या मुलीच्या हाती माझा मुलगा देणार नाही. मग आबांना दुसरा कोण दिसणार?

महागड्या गाडीच्या गालिच्याला पट्ट्यांचे वळ पडतील, असे त्याने स्वतःला सांगितले. पट्टे खुंटीवरच राहिले.

सकाळी व्यापारी यायच्या आधीच आबा मैदानावर आले. त्यांनी गाडीचे मागचे झाकण उघडले, गोण्यांवर हात ठेवला आणि एक गोणी हलकेच ढकलून पाहिली. ती सरकली. आता आबा ओरडतील, म्हणून प्रल्हाद वाट बघत उभा राहिला.

आबा ओरडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "प्रल्हाद, या गोण्या बाहेर काढ."

त्याने काढल्या.

"आता त्यांच्या जागी तू बस."

"मी?"

"दोन गोण्यांइतकं वजन तुझं भरेल. बस."

ऋतुजा कावरीबावरी झाली. "आबा, दादांना मागे कशाला? तिथे पाठ टेकायलाही काही नाही."

"तू चाक धर. सावकाश चालव. माणूस भराभर चालतो तेवढ्याच वेगाने. आणि डावी-उजवी वळणं घे."

प्रल्हाद अंग चोरून त्या सपाट जागेवर बसला. इतक्या वर्षांच्या सेवेनंतर गोणीच्या जागी! अपमानाने त्याचे कान तापले. गाडी निघाली. पहिले वळण डावीकडे होते. तो उजवीकडे घसरला आणि पत्र्यावर आदळला. ऋतुजाने गाडी उजवीकडे वळवली, तसा तो डावीकडे फेकला गेला. गुळगुळीत बर्फावर हलक्या शेपटीला तेवढा हिसका पुरेसा होता. तिसऱ्या वळणाला तो सरकला, त्याच्याबरोबर शेपटी सरकली, आणि ऋतुजाने काही करायच्या आत गाडी गर्रकन फिरून उलट्या तोंडाने उभी राहिली.

"माझं चुकलं," ऋतुजा घाईने म्हणाली. "दादा, लागलं का?"

त्याला कोपराला लागले होते. तो नाही म्हणाला.

आबा चालत आले. त्यांच्या हातात शेडमधले पट्टे होते. त्यांनी प्रल्हादला मधोमध बसवले, पट्टे त्याच्या कमरेवरून आणि खांद्यांवरून घेतले आणि आकड्यांना घट्ट आवळले. "पुन्हा," ते म्हणाले. "तीच वळणं, तोच वेग."

गाडी पुन्हा निघाली. डावे वळण, उजवे वळण, पुन्हा डावे. मागची चाके बर्फाला धरून राहिली. प्रल्हादला ती आपल्या खाली काम करताना जाणवत होती. गाडी मैदानाला वेढा घालून, जिथून निघाली होती तिथेच येऊन उभी राहिली.

आबांनी ऋतुजाला शेकोटी पेटवायला पाठवले आणि स्वतः पट्टे सोडू लागले. प्रल्हाद खाली मान घालून म्हणाला, "आबा, गोण्या मी मुद्दाम बांधल्या नाहीत."

"दिसलं मला."

"मग मला हाकलून का दिलं नाहीत?"

"तू गेलास तर गाडी कोण तयार करील?"

इतके दिवस प्रल्हादच्या मनात अडकलेला प्रश्न बाहेर पडला. "मी का नाही, आबा? ती काल आली. मी इतकी वर्षं आहे. माझ्यात काय कमी आहे?"

आबा गाडीच्या काठावर बसले. "खरं सांगू? तुला आवडणार नाही."

"सांगा."

"तिचा पाय तुझ्यापेक्षा हलका आहे. तू जीप चालवत वाढलास. चारही चाकं ओढतात, तुझा पाय थोडा जड पडला तरी जीप पोटात घालते. ही गाडी घालत नाही. या गाडीला जेवढं मागावं तेवढंच मागणारा पाय लागतो. तो ऋतुजाला उपजतच आहे. मलाही तो कमवायला अर्धं आयुष्य लागलं. ती तुझ्यापेक्षा चांगली चालवते, प्रल्हाद. मत्सराला खोटं कारण असतं, तर मी ते एका वाक्यात खोडलं असतं. तुझं कारण खरं आहे, म्हणून ते तुलाच सोसावं लागणार."

प्रल्हादच्या डोळ्यांत पाणी आले. त्याने ते बाहीने पुसले.

आबा म्हणाले, "वजन वाईट नसतं रे. या गाडीला वजनावाचून गती नाही. ते जागेवर बसलं की चाकाला जमीन सापडते. तेच सुटं राहिलं की गाडी वळायच्या आधी आपणच वळतं, आणि जिच्या भल्यासाठी ठेवलं तिलाच फिरवून टाकतं. तू इथे काढलेले हिवाळे म्हणजे फार मोठं वजन आहे. ते कुठे बसवायचं, ते तुझं तू ठरव. ऋतुजाला यातलं काही माहीत नाही. मी सांगणारही नाही."

ते उठून शेकोटीकडे गेले. प्रल्हादने गोण्या उचलल्या, जागेवर ठेवल्या आणि बांधल्या. एकदा आवळून झाल्यावर त्याने पट्टा पुन्हा सोडला आणि अधिक घट्ट केला.

व्यापारी आला. ऋतुजाने त्याच्यादेखत गाडी अशी फिरवली की तो टाळ्या वाजवू लागला. त्याने तिच्या खांद्यावर शाल घातली. गाडी तयार करणाऱ्याकडे त्याने पाहिलेही नाही. प्रल्हादच्या मनातला खडा टोचला. तो जिथे होता तिथेच होता.

लग्नाच्या दिवशी आकाश निरभ्र होते आणि थंडी कडाक्याची. लाल गाडी पुढे निघाली. तिच्यात ऋतुजा आणि शेजारी मुंडासे सांभाळत बसलेला नवरदेव. मागून जीप चालवत प्रल्हाद, शेजारी आबा. त्यामागे व्यापाऱ्याची आणि वऱ्हाडाची वाहने.

अर्ध्या वाटेवर डोंगराच्या सावलीतले एक वळण आहे. तिथे दिवसभर ऊन पोचत नाही. वरून रस्ता ओला वाटतो, पण तो ओलावा नसतो, काचेसारखा बर्फ असतो. लाल गाडी त्या वळणात शिरली आणि प्रल्हादला तिची शेपटी बाहेर जाताना दिसली. बाहेरच्या अंगाला दरी होती.

त्या एका क्षणात त्याच्या मनात दोन गोष्टी आल्या. पहिली होती, 'बघा आता.' ती त्याने ऐकली, आणि आपल्याच मनाचा असा आवाज ऐकून तो हादरला. दुसरी गोष्ट शब्दांत आली नाही. त्याचा उजवा पाय, त्याच्याही नकळत, जणू त्या लाल गाडीतच असावा तसा, हळूच वर उचलला गेला.

पुढे ऋतुजानेही पाय उचलला होता. ब्रेकला तिने पाय लावलाही नाही. शेपटी जिकडे चालली होती तिकडे तिने स्टिअरिंगचे चाक अलगद वळवले, मग अलगद परत घेतले. गाडी किंचित डोलली, सरळ झाली आणि सावलीतून उन्हात गेली.

प्रल्हादने श्वास सोडला. शेजारी आबा डोळे मिटून बसले होते. झोपले होते की नव्हते, कोण जाणे.

वधूच्या दारी सनया वाजू लागल्या. बायकांनी नवरदेवाला ओवाळले, आणि त्या गाडीतून एक मुलगी उतरताना पाहून तिलाही ओवाळले. तिच्या हाती चहाचा पेला देऊन सारे तिच्याभोवती जमले. प्रल्हाद जीपला टेकून उभा होता. ऋतुजा पेला तोंडाला न लावता पुन्हा पुन्हा मागच्या रस्त्याकडे बघत होती. ते इतर कुणाच्या ध्यानात आले नाही.

व्यापारी प्रल्हादकडे आला. "तुम्ही बरोबर मागे होता. त्या सावलीच्या वळणाशी काही झालं का? मला लांबून वाटलं, गाडी हलली."

ऋतुजाने तिकडे पाहिले. तिचा चेहरा उतरला.

काही झाले नाही, असे प्रल्हादला म्हणता आले असते. घसरली होती, एवढेच म्हणून गप्पही बसता आले असते. तेवढे खरेच होते आणि तेवढ्याने पुरले असते.

"घसरली होती," तो म्हणाला. मग थोडे थांबून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "तिथे कुणाचीही घसरली असती. तिने जशा हाताने सावरली, तसा हात माझ्याकडे नाही. मी चाकावर असतो, शेठ, तर आज तुमचा मुलगा इथे पोचला असता की नाही, मला सांगता येत नाही."

हे बोलताना त्याला सुख झाले, असे नाही. दात काढताना होते तसे काहीसे झाले. व्यापाऱ्याने प्रल्हादचा हात हातात घेतला.

लग्न लागले, पंगती उठल्या. संध्याकाळी नवरानवरी मोठ्या बंद जीपमधून परतायला निघाली. लाल गाडी रिकामीच परत न्यायची होती. आबा आपल्या जीपमध्ये जाऊन बसले होते, आणि ती चालवायला वऱ्हाडातला एक चालक आला होता. ऋतुजा किल्ली घेऊन प्रल्हादजवळ आली.

"दादा, आता तुम्ही चालवा. मी सकाळपासून चालवतेय."

किल्ली तिच्या तळहातावर होती. इतके दिवस या किल्लीसाठीच त्याचा जीव जळत होता. त्याने ती घेतली, गाडीचे दार उघडले, आसन मागे सरकवले आणि तो चाकामागे बसला. ऋतुजा जीपकडे वळली तशी त्याने तिला हाक मारली.

"कुठे निघालीस? शेजारी बस."

"काय झालं?"

"माझा पाय जड पडतो. पडला की सांग."

ती क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. थट्टा करतोय की काय, हे तिला कळेना. "मी सांगू? तुम्हाला?"

"सांग. भिडेखातर गप्प बसू नकोस."

ती बसली. प्रल्हादने इंजिन चालू केले आणि गाडी चढाला लावली. खाली नदीकाठचे दिवे लागत होते, समोर रस्ता गोठू लागला होता. पहिल्या वळणाशी ऋतुजा संकोचून, अगदी हळू म्हणाली, "थोडा हलका, दादा."

त्याने पाय उचलला.